मुका डबा

महिनाभर खपून माणूस एक वस्तू बनवतो आणि त्या वस्तूचं काम काय, तर आवाज कुठेही पोचू द्यायचा नाही. हे पावसच्या वाडीत कोणाला पटायला तयार नव्हतं. आणि आत्माराम बोरकरला पटवून देण्याची खोड अशी दांडगी, की समोरचा उठून गेला तरी याचं बोलणं चालूच असायचं.

आत्मारामने चौतीस वर्षं रत्नागिरीच्या तार ऑफिसात कडकट्ट केलं होतं. कोणाला मुलगा झाला, कोण बोटीवर लागला, कोण मुंबईत गेला तो परत आलाच नाही, सगळं त्याच्या बोटांतून गेलेलं. निवृत्त झाल्यावर माणसं घराची कौलं परततात, देवळात जाऊन बसतात. याने पुस्तकं मागवली, परीक्षा दिली आणि हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला. एक लहानसा ट्रान्समीटर स्वतःच्या हाताने जोडला. आपल्या माडापासून चुलतभाऊ आप्पाच्या हापूसच्या कलमापर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणली. दुसरीकडे ताणायला जागाच नव्हती. घरामागे नुसता कातळ, तिथे खांब पुरायचा तर सुरुंग लावावा लागला असता.

हवेत त्याला गंगाराम भेटला. गंगाराम परभणीचा, रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला. रोज सकाळी सात ते सात वाजून पाच मिनिटं दोघांचं कडकट्ट चालायचं. गुडघा कसा आहे, थंडी किती, सकाळी काय खाल्लं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण शेवटचा ठोका जरासा ओढायची गंगारामची लकब आत्मारामने झोपेतही ओळखली असती.

“घरात दिवसाला पाच वाक्यां बोलत नाहीत,” त्याची बायको दमयंती म्हणायची, “नि त्या परभणीवाल्याशी रोज पाच मिनटां!”

हे असं दीड वर्षं सुखाने चाललं. पंच्याऐंशी सालच्या नोव्हेंबरअखेरीस कलमांना मोहोर फुटू लागला आणि एका सकाळी आप्पा खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन उभा राहिला.

आप्पा आत्मारामपेक्षा सहा वर्षांनी मोठा. माणूस वाईट नव्हे, पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली की ती तिथेच रुजायची.

“आत्मा, तार काढ कलमावरची. मोहोर जळतो तिच्यान.”

“तारेने मोहोर जळत नाही, आप्पा.”

“गेल्या साली तार बांधलीस, नि गेल्या सालीच मोहोर गळला. त्याच्या आधी गळला होता?”

“आधीही गळायचा. ढग आले की गळतो.”

“ढग आधीपासून हायत. तार नवीन हाय.”

आत्मारामने अर्धा तास त्याला लहरी समजावून सांगितल्या. आप्पाने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तार काढायला सांगितली. शेवटी दमयंतीनेच तोडगा काढला. या साली मोहोर फुलल्यापासून बारीक फळाची कणी धरेपर्यंत तारेत करंट सोडायचा नाही. एवढं करून मोहोर राहिला, तर दोष तारेचा, तार कायमची उतरवायची. करंट नसतानाही गळला, तर तार निर्दोष, आणि आप्पाने पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. दोघांनी ते मान्य केलं. आत्माराम तर मनातून खूश झाला. दोन महिने गप्प बसायचं की झालं, असा त्याचा हिशेब.

पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात कुठे होतं? गंगारामला अलीकडे कमी ऐकू यायचं, म्हणून आत्मारामने चाळीस वॅटचा नवा, दणदणीत ट्रान्समीटर बांधायला काढला होता. तो सुरात आणायचा तर चालवून बघायला हवा. तार न जोडता चालवला तर व्हॉल्व्ह जळणार, आणि तार जोडली तर शब्द मोडणार. यावर उपाय एकच, डमी लोड. म्हणजे तारेच्या जागी जोडायचा पन्नास ओहमचा अडथळा. ट्रान्समीटरला वाटतं आपण तारेत बोलतोय. प्रत्यक्षात सगळी शक्ती त्या अडथळ्यात जाऊन नुसती गरम होते. बाहेर काही जात नाही. पुस्तकात या डमीचं वर्णन अर्ध्या पानात उरकलं होतं. त्या अर्ध्या पानाने आत्मारामच्या नाकी नऊ आणले.

प्रथम त्याने विजेचा बल्ब जोडून पाहिला. बल्ब झकास पेटला, पण गार असताना त्याचा अडथळा एक आणि पेटल्यावर दहापट. मग शेगडीची कॉइल लावली. ती गुंडाळलेली, म्हणून रेडिओच्या लहरी तिच्यात सरळ जाईनात, ट्रान्समीटरचा काटा पिसाटल्यासारखा हलायला लागला. मग एसटी पकडून रत्नागिरीला सदूच्या दुकानात. सदू रेडिओ दुरुस्त करायचा, आणि कोणतीही वस्तू मागा, तिच्यासारखी दुसरी काढून द्यायचा.

“कार्बनचे रेझिस्टन्स हवेत, सदू. हजार ओहमचे, दोन वॅटचे, वीस.”

सदूने चिनीमातीचे जाडजूड हिरवे रेझिस्टन्स टेबलावर ठेवले. “हे न्या. दहा वॅटचे हायत. तुमच्या दोनपेक्षा पाचपट चांगले.”

“यांच्या आत तार गुंडाळलेली असते रे.”

“असू दे की. बाहेरून दिसते काय?”

आत्मारामने एक विकत घेतला, तिथल्याच हातोडीने फोडला आणि आतली गुंडाळलेली तार सदूच्या नाकासमोर धरली. सदू म्हणाला, “बघा, फोडलात म्हणून बिघडला.” त्या दिवशी परतीच्या एसटीत आत्माराम शेजारच्या माणसाशी एक शब्दही बोलला नाही, यावरून काय ते समजावं.

मग मुंबईला पत्र. आप्पाचा मुलगा लवू मुंबईत छापखान्यात होता, देवदिवाळीला गावी येणार होता. आत्मारामने त्याला कागदावर ठळक अक्षरांत लिहून पाठवलं, खाली दोन रेघा मारल्या. लवू आला आणि त्याने पुडकं हातात दिलं. आत शंभर रेझिस्टन्स होते, कार्बनचे खरे, पण अर्ध्या वॅटचे, आणि प्रत्येक तीन हजार नऊशे ओहमचा.

“दुकानदार म्हणाला, काय फरक पडत नाय, काका. उलट शंभर दिलेत त्यान.”

आत्माराम त्या पुडक्याकडे बघत ओटीवर बसून राहिला. ओरडावं असं फार वाटलं, पण लवूने बिचाऱ्याने पदरचा वेळ घालवला होता. मग उगाच हाताला चाळा म्हणून त्याने पेन्सिल घेतली. तीन हजार नऊशेचे किती शेजारी शेजारी लावले की पन्नास होतात? अठ्ठ्याहत्तर. बरोबर अठ्ठ्याहत्तर, एक कमी नाही की जास्त नाही. आणि अर्ध्या वॅटचे अठ्ठ्याहत्तर म्हणजे एकोणचाळीस वॅट. दुकानदाराच्या मूर्खपणातून इतकं अचूक गणित बाहेर पडलेलं पाहून त्याला आनंद होण्याऐवजी जास्तच राग आला.

पुढे पंधरा दिवस त्याचं घर म्हणजे कारखाना झाला. फुटक्या घंगाळाचा तांब्याचा पत्रा कापून दोन चकत्या केल्या. प्रत्येकीत खिळ्याने अठ्ठ्याहत्तर भोकं. प्रत्येक भोकात एक पाय, प्रत्येक पायाला कथलाचा डाग. एका बाजूचे अठ्ठ्याहत्तर झाले की दुसऱ्या बाजूचे अठ्ठ्याहत्तर. डाग द्यायला बसलं की वीज जायची. मग तो इस्त्रीसाठी पेटवलेल्या निखाऱ्यांत डागणी तापवायचा. एकदा सगळं झाल्यावर मीटर लावला तर बावन्न ओहम. तीन डाग कच्चे राहिलेले, पण कोणते तीन? ते शोधण्यात एक अख्खी दुपार गेली, आणि दमयंतीने वाढलेलं ताट गार होऊन परत आत गेलं.

“मेल्या त्या डब्याला काय नैवेद्य दाखवायचाय?” ती शेवटी म्हणाली. “एवढां करून ऐकू कोणाला जाणार?”

“कोणालाच नाही! तेच तर!”

“मग न बनवता गप्प बसलात तरी कोणालाच ऐकू जाणार नाय.”

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते सव्वा तासाचं होतं.

राहिलं तेल. हा सगळा गुंता तेलात बुडवावा लागतो, म्हणजे उष्णता तेलात उतरते. त्यासाठी वीज मंडळात वापरतात ते ट्रान्सफॉर्मरचं तेल हवं. वायरमनने आज देतो, उद्या देतो करत तीन आठवडे काढले. शेवटी आत्मारामने घरच्या नारळांचं खोबरेल तेल वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात ओतलं, वरून झाकण बसवलं आणि अठ्ठावीस डिसेंबरला डमी तयार झाली.

जगात हा डबा ज्यांनी ज्यांनी बनवला असेल, त्यांच्यापैकी खोबरेल तेल घालण्याची अक्कल फक्त कोकणातल्या माणसाला सुचली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी पडली आणि तेल थिजून दगड झालं. आत्मारामने तसाच करंट सोडला. आतलं तेल वितळून फुगलं, वरचं घट्टच, आणि झाकण फट्कन उडून त्याच्या कपाळाला लागलं. तेव्हापासून झाकणाला भोक पडलं, आणि रोज पहाटे डबा चुलीच्या वैलावर चहाच्या शेजारी बसू लागला. दमयंतीच्या तोंडाचा पट्टा वेगळा.

पैजेचं आणि डब्याचं त्याने गंगारामला पत्राने आधीच कळवलं होतं. गंगारामचं उत्तर आलं: “डमी नीट बनली नाही तर थोडा आवाज बाहेर गळतोच. तू रोज सातला डब्यात पाठव. मी ऐकत बसतो. ऐकू आलास तर डबा वाईट, नाही आलास तर उत्तम. रोज कार्ड टाकीन.” लहानशी गळती परभणीपर्यंत पोचत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण दोघांनीही तो विषय काढला नाही.

कार्डं येऊ लागली. तार ऑफिसात प्रत्येक तारेवर नंबर पडतो, त्या सवयीने गंगारामने कार्डांवरही नंबर घातले. नंबर एक: ऐकू आला नाहीस. डबा उत्तम. नंबर दोन: ऐकू आला नाहीस. डबा उत्तम. आत्माराम रोज सातला ठोके द्यायच्या किल्लीवर बोट ठेवून डब्याला आपला गुडघा, थंडी आणि सदूचा मूर्खपणा सांगायचा. तेल कोमट व्हायचं आणि तीन-चार दिवसांनी कार्ड यायचं.

भोगीच्या दिवशी तेरा नंबरचं कार्ड आलं. अक्षर जरा वाकडं होतं. “ऐकू आला नाहीस. पण आत्माराम, मोठी स्टेशनं ऐकू येतात, बारीक कोणीच येत नाहीत. तुझा डबा उत्तम आहे की माझे कान गेले, हे मला कसं कळणार?”

आत्मारामने ते कार्ड चार वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी संक्रांत. दमयंतीची चूल पहाटेपासून तिळाच्या पाकाने अडलेली. डबा वैलावर चढलाच नाही. सातला दोन मिनिटं कमी असताना आत्माराम थिजलेला डबा मांडीवर घेऊन बसला होता, आणि समोर तारेचं टोक लोंबत होतं. गेले दीड महिने तो ज्या ज्या गोष्टींवर चिडला होता, त्या सगळ्या एकदम डोक्यात आल्या. त्याने डबा बाजूला ठेवला आणि तार जोडली.

पाच मिनिटं. तिळगूळ पाठवला. मीच गप्प होतो, म्हणाला, तुझे कान गेलेले नाहीत. मग उत्तराला न थांबता तार सोडवली आणि खिडकीबाहेर टाकून दिली.

सतरा नंबरच्या कार्डावर लिहिलं होतं: “आज ऐकू आलास! स्वच्छ. सूर भरदार आहे. कान शाबूत. सुनेला दोनदा सांगितलं.”

अठरा तारखेला ढग आले. चार दिवस उतरलेच नाहीत. तुडतुडे पडले, पानांवर चिकटा आला, आणि आप्पाच्या कलमांखाली मोहोराचा काळा सडा पडला. आत्माराम खिडकीतून बघत होता. प्रथम त्याला बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली. भावाचं वर्षाचं उत्पन्न मातीत जात होतं आणि हा पैज जिंकल्याच्या आनंदात.

तीस जानेवारीला सकाळी तो आप्पाच्या खळ्यात गेला. आप्पा मोहोराची काडी हातात चुरत बसला होता.

“आप्पा, वाईट झालं. पण तारेने नव्हे, हे तरी आता—”

“तारेनच. तू बोललास एक नि केलंस एक. रोज सकाळी टकटक चालू होती. कमळा ऐकते.”

कमळा, लवूची बायको, दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

“ती डब्यात होती, आप्पा!” आत्माराम धावत जाऊन डबा घेऊन आला. सकाळचा तेलाचा ऊबदारपणा अजून उतरला नव्हता. आप्पाने भोकातून बोट बुडवलं.

“तापलाय. म्हणजे करंट होता.”

“होता, पण डब्यात.”

“नि डब्यातून कुठे गेला?”

“कुठेच नाही.”

“कुठेच जात नाय, तर रोज सकाळी बोलत कोणाशी होतास?”

आत्मारामला कपाळ फोडून घ्यावंसं वाटलं. तारेत बोलणारा माणूस आणि डब्यात बोलणारा माणूस, बाहेरून दोघेही अगदी सारखेच दिसतात, आणि हे त्याला महिनाभर एकदाही सुचलं नव्हतं.

पण त्याच्याकडे पुरावा होता. कार्डं. त्यांच्यावर परभणीचा शिक्का, तारखेसकट. ज्या वाडीची चूल मुंबईहून टपालाने येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटते, तिथे टपालाच्या शिक्क्याला कोणी खोटं म्हणत नाही. तो घरी गेला, ट्रंक उघडली. दमयंती मागे आली. कार्डं तो तिला वाचून दाखवायचा, तिला सगळी ठाऊक.

“सतरा नंबर काढून ठेवा,” ती हळूच म्हणाली. “आला नाय म्हणून सांगा.”

आत्माराम कार्ड हातात धरून उभा राहिला. चौतीस वर्षांत त्याने एकही तार दाबली नव्हती. वाईटातली वाईट बातमीसुद्धा जशीच्या तशी पोचवली होती. त्याने कार्ड पुन्हा गठ्ठ्यात घातलं, सोळा आणि अठराच्या मध्ये.

आप्पाला बारीक अक्षर दिसत नव्हतं म्हणून कमळा वाचू लागली. “नंबर एक. ऐकू आला नाहीस. डबा उत्तम. नंबर दोन. ऐकू आला नाहीस. डबा उत्तम.” सहाव्या कार्डाला तिला हसू फुटलं. तेराव्याला ती हळू झाली, आणि आप्पाने मान वर केली. सोळा वाचून झालं. सतरावर तिची नजर गेली, तिने आत्मारामकडे पाहिलं आणि ते कार्ड खाली सरकवून अठरावं वर घेतलं.

“सतरा वाच, कमळा,” आत्माराम म्हणाला.

तिने वाचलं.

“म्हंजे सोडलास,” आप्पा म्हणाला.

“संक्रांतीला. पाच मिनिटं. त्याला वाटत होतं, कान गेले.”

“गेले नव्हते?”

“नाही.”

“बरां झालां.” आप्पाने काडी टाकून दिली. “पण मोहोर संक्रांतीनंतरच गळला.”

“अरे, ढगाने! पलीकडच्या गणेशगुळ्यातही गळला, तिथे माझी तार आहे का?”

“परभणीला पोचतां तां,” आप्पा शांतपणे म्हणाला, “नि गणेशगुळ्याला नाय पोचणार?”

आत्मारामने हात टेकले. या वाक्याला पुस्तकात उत्तर होतं, तार ऑफिसात होतं, सगळ्या जगात होतं. या खळ्यात नव्हतं. आणि शब्द तर त्याने मोडलाच होता.

दुपारी आप्पा स्वतः शिडी लावून कलमावर चढला. त्याने तार कापली नाही. गाठ सोडवली, तिचं नीट वेटोळं केलं आणि आत्मारामच्या ओटीवर आणून ठेवलं. “गंजू देऊ नको,” म्हणाला आणि गेला.

आत्मारामने परभणीला सगळं कळवलं. तार उतरली, आता पुन्हा कधी चढेल माहीत नाही, तुझं रोजचं बसणं थांबव, थंडीत उगाच त्रास नको. पत्र टाकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही त्याला संताप आला. दुसऱ्या दिवसापासून तो सातला उठून नुसता ओटीवर बसू लागला. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तसाच.

आठव्या दिवशी आत जाऊन बघतो तर डबा वैलावर होता. दमयंतीने न सांगता ठेवलेला, तेल पातळ झालेलं.

“कार्ड आलंय कालचां,” ती चहा गाळत म्हणाली. “तुम्ही देवळात होतात. कमळाकडून वाचून घेतलां मी.”

घड्याळात सातला चार मिनिटं कमी होती. आत्मारामने डबा जोडला, किल्लीवर बोट ठेवलं आणि कार्ड समोर उभं केलं.

“नंबर सदतीस. पत्र मिळालं. तू डब्यातच पाठव. कान शाबूत आहेत हे एकदा कळलं, आता शंका नाही. आजही बसलो होतो. ऐकू आला नाहीस. उद्या सातला बसतो.”